ऐकायची राहून गेलेली फेरी

बाई आधी बसडेपोत होत्या. सोळा वर्षं त्यांनी गाड्यांची वेळापत्रकं लावली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कुठला चालक कुठल्या फेरीला, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. पुढे डेपोचं काम संगणकाकडे गेलं. त्याच सुमाराला गावाबाहेरच्या टेकडीवर उपग्रहांचं केंद्र उभं राहिलं आणि तिथे वेळापत्रक लावणारं माणूस हवं होतं. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, की उपग्रहांची तुम्हाला काय माहिती आहे? बाईंनी सांगितलं, काहीच नाही. पण गाड्या जास्त आणि फलाट कमी असले की काय करायचं ते ठाऊक आहे. साहेब हसले आणि त्यांना कामावर घेतलं.

काम खरोखरच तेच होतं. कंपनीचे दीडशेच्या वर छोटे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आणि दिवसभर खालच्या जमिनीचे, पाण्याचे फोटो काढत. ते फोटो खाली उतरवून घ्यायला टेकडीवर पाच मोठ्या डिश होत्या. सगळे त्यांना छत्र्या म्हणत. एक उपग्रह क्षितिजावर उगवला की आठ-नऊ मिनिटांत मावळायचा. तेवढ्या वेळात छत्रीने त्याच्याकडे तोंड करून त्याचं सगळं ऐकून घ्यायचं. उगवण्यापासून मावळण्यापर्यंतच्या त्या वेळेला बाईंनी आपला डेपोतला शब्द दिला होता, फेरी. आणि पुढे केंद्रात तोच रूढ झाला. एका वेळी सात-सात, आठ-आठ उपग्रह डोक्यावर, आणि छत्र्या पाच. नळाला पाणी तासभर आणि हंड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत, असा प्रकार. ज्याचा नंबर लागला नाही, तो आपले फोटो पोटात ठेवून पुढे जायचा. पण त्याचं पोटही लहानच. ते भरलं की नवे फोटो जुन्यांवर चढत आणि जुने कायमचे पुसले जात.

कुणाला आधी घ्यायचं हे यंत्रच ठरवत असे. तातडीच्या मागणीचे फोटो पहिले, मग नेहमीच्या गिऱ्हाइकांचे, आणि ज्यांना कुणी मागितलेलं नाही ते शेवटी. यंत्राची यादी नीट तपासायची आणि घोडं कुठे अडलं तर हाताने सोडवायचं, एवढंच बाईंचं काम. ते त्या डोळ्यात तेल घालून करत. नऊ वर्षांत त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

त्या मंगळवारी तीन नंबरची छत्री दुरुस्तीला काढलेली होती. छत्र्यांचा मेकॅनिक सकाळपासून तिच्या गिअरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्याच्या सदऱ्यापासून जेवणाच्या डब्यापर्यंत सगळ्याला वंगण लागलेलं असे, म्हणून त्याला सगळे वंगणराव म्हणत. खरं आडनाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. तर उरल्या चार छत्र्या, आणि आदल्या दिवसापासून फेऱ्या तुंबलेल्या.

बारा वाजून पाच मिनिटांनी एक उपग्रह पश्चिमेला खालच्या अंगाने उगवणार होता. दीड तासापूर्वी त्याने शंभरेक मैलांवरच्या एका मोठ्या सरोवराचे आणि आजूबाजूच्या जंगलाचे फोटो काढले होते. मागणी कुणाचीच नव्हती. त्याच वेळी पाच नंबरची छत्री एका बंदराचे तातडीचे फोटो घेत होती आणि बारा वाजून नऊ मिनिटांनी मोकळी होणार होती. पूर्ण फेरी बसत नाही म्हणून यंत्राने सरोवरवाल्यावर फुली मारली.

बाईंनी ती फुली पाहिली. पाच नंबर मोकळी झाल्यावर तिला तिकडे फिरवली असती तर शेवटची चार मिनिटं हाती लागली असती, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यासाठी फुली काढायची, वेळा हाताने भरायच्या, आणि छत्री फिरेपर्यंत समोर बसून राहायचं. डबा उघडून समोर ठेवलेला होता. जंगलाच्या आणि पाण्याच्या फोटोंसाठी कोण एवढा हात घालील, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी यादी मिटली आणि जेवायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत उपग्रहाने दुसऱ्या देशांचे फोटो काढले आणि सरोवर पुसलं गेलं. नोंदवहीत त्या ओळीसमोर 'उतरला नाही' असं उमटलं. तसल्या ओळी रोज शेकड्यांनी उमटत.

पुढच्या आठवड्यात फाटकावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. सुतार होता. हाताची बोटं जाड, नखं तुटकी, आणि अंगात लग्नकार्याला घालावा तसला इस्त्रीचा कोट. पहारेकऱ्याने त्याला आत आणलं. साहेबांच्या खोलीत बाईंनाही बोलावणं आलं.

म्हाताऱ्याची मुलगी सरोवरापलीकडच्या वस्त्यांना होडीने टपाल पोचवायची. होडी बापानेच बांधून दिलेली. त्या मंगळवारी दहाला निघाली ती पलीकडे पोचलीच नाही. सहा दिवस शोध झाला. नेहमीच्या दक्षिणेकडच्या वाटेवर इंच इंच पाणी धुंडाळलं. काही मिळालं नाही आणि शोध थांबला. कुणीतरी म्हाताऱ्याला सांगितलं, की वरून सगळ्याचे फोटो निघतात. म्हणून दोन गाड्या बदलून तो आला होता.

साहेबांनी नोंदी उघडल्या. मंगळवार, दहा वाजून एकतीस मिनिटं. सरोवर, आकाश निरभ्र, फोटो काढला. आणि त्यापुढे ते दोन शब्द, 'उतरला नाही'. बाईंना ती फुली आठवली. साहेबांनी म्हाताऱ्याला मऊ शब्दांत सांगितलं, की फोटो निघाला होता पण आमच्यापर्यंत आला नाही, आणि आता तो कुठेच नाही. म्हाताऱ्याला ते कळेना. निघालेला फोटो जाईल कुठे? त्याने साहेबांना सोडून बाईंकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही नीट शोधा," तो म्हणाला. "तुमच्याकडे असेल."

"आमच्याकडे तो नाहीये, बाबा," बाई म्हणाल्या. ते खरं होतं. सगळं खरं मात्र नव्हतं.

त्यानंतर म्हातारा दर मंगळवारी येऊ लागला. आत यायचं नाही, काही मागायचं नाही. फाटकाबाहेरच्या दगडी कठड्यावर बसायचं आणि छत्र्या फिरताना बघायचं. पाच मोठ्या पांढऱ्या छत्र्या हळूहळू माना वळवायच्या, थांबायच्या, पुन्हा परत यायच्या. पहारेकरी त्याला चहा द्यायचा. त्यानेच बाईंना सांगितलं, की म्हातारा विचारत होता, आत्ता ही कुणाचं ऐकतेय? बाईंना खिडकीतून त्याची पाठ दिसे. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. पण पाठ आपल्या पाठीमागे आहे, हे काही विसरता येईना.

आणि मग तो फोटो त्यांच्या मागे लागला. जो कुणीच पाहिला नाही, तो त्यांना दिसू लागला. बशीतल्या चहात, पुसलेल्या फरशीवर, नवऱ्याच्या निळ्या सदऱ्यावर निघालेल्या पांढऱ्या दोऱ्यात. निळं पाणी आणि त्यावर बारीक पांढरी रेघ. सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत ती रेघ आकाशात होती, हे त्यांना सोसेना. नसतीच तर गोष्ट वेगळी. होती. डोक्यावरून गेली. नवरा पाणीखात्यात मीटर वाचायच्या कामाला होता, बोलका आणि थट्टेखोर. बायको ताटातल्या भाताकडे बघत बसते हे त्याने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, की आमच्याकडे पाणी न येता मीटर फिरतो तसं तुझं चाललंय. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, डब्यासकट. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, की हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. त्याच्या तोंडून थट्टेशिवाय निघालेलं ते पहिलंच वाक्य असावं, आणि म्हणूनच बाई जास्त घाबरल्या.

सातव्या मंगळवारी वंगणराव तीन नंबरच्या कामाचा कागद सहीला घेऊन आला. काय-काय केलं त्याची यादी होती. गिअर बदलला, तेल घातलं आणि 'बारा-सहा ते बारा-आठ, छत्री फिरवून चाचणी'. बाईंनी तारीख पाहिली. तोच मंगळवार. चाचणी कशावर केली, म्हणून त्यांनी विचारलं. तो म्हणाला, की छत्री नीट मागे-मागे जाते का ते बघायला कुठला तरी उपग्रह लागतोच. पश्चिमेला खालून एक चालला होता. त्याला कुणी घेतलेलं नव्हतं, म्हणून तोच धरला.

बाईंच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. उपग्रहाला बोलायच्या वेळा आदल्या दिवशीच पाठवलेल्या असतात. खाली फुली पडली हे त्याला कुणी कळवत नाही. म्हणजे बारा वाजून पाच मिनिटांनी तो ठरल्याप्रमाणे बोलायला लागला होता. आठ मिनिटं सगळं सांगत होता. ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच. आणि त्यातली दोन मिनिटं तीन नंबरची छत्री त्याच्याकडे तोंड करून उभी होती.

त्यांनी कसंबसं विचारलं, की चाचणीत आलेलं कुठे साठतं का? वंगणराव म्हणाला, दुरुस्तीच्या खोलीतल्या डबड्यात आपोआप साठतं. नुसती खरखर असते, कुणी बघत नाही. पुसायचं त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं.

"तुमच्या आळसाला शंभर वर्षं आयुष्य, वंगणराव," बाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. तो बिचारा वंगणाचे हात तसेच धरून उभा राहिला.

ती खरखर उलगडायची तर मोठं यंत्र लागणार होतं आणि साहेबांची परवानगी लागणार होती. त्याच दुपारी बाई त्यांच्या समोर जाऊन बसल्या. फुलीचं, चार मिनिटांचं, डब्याचं, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. नियमाप्रमाणे तुमची काहीच चूक नाही, असं म्हणाले. यादी यंत्राची होती, तुम्ही ती मान्य केलीत. कुठल्याही चौकशीत हेच निघेल. शिवाय दोन मिनिटांची खरखर, तीही क्षितिजालगतची. आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार?

"असेल तर?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून कठडा दिसत होता. मग त्यांनी कागद ओढून सही केली.

नऊ दिवस यंत्र चाललं. बाई आपलं काम सांभाळून अधूनमधून तिकडे जात. खरखरीतून कधी अर्धी ओळ निघे, कधी काहीच नाही. शेवटी एकतीस पट्ट्या हाती आल्या, फाटक्या कपड्याच्या चिंध्यांसारख्या. जंगल, जंगल, ढगाची कड, पुन्हा जंगल. सत्ताविसाव्या पट्टीत पाणी होतं.

होडी दिसण्याइतका फोटो बारीक नव्हता. पण चालत्या होडीमागे पाण्यावर फेसाची रेघ उठते, ती दिसत होती. नखाएवढी, पांढरी, किंचित वाकलेली. बाईंच्या मनात इतके दिवस होती तशीच. फक्त ती दक्षिणेला जात नव्हती. उत्तरेला काठात आत शिरलेल्या पाण्याच्या एका अरुंद खाचेकडे वळलेली होती. तिकडे कुणी शोधलंच नव्हतं. टपालाच्या वाटेवर ती खाच नव्हतीच.

साहेबांनी लगेच शोधपथकाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा उलट फोन आला. खाचेच्या तोंडाशी पाण्याखाली झाडांची जुनी खोडं होती. होडी त्यांच्यावर आपटून उलटी झाली होती. मुलगी काठावर, कड्याच्या आडोशाला सापडली. पाय मोडलेला. टपालाची पिशवी कोरडी ठेवून उशाला घेतली होती. त्या खाचेच्या काठी एकटी राहणारी, मधमाश्या पाळणारी एक म्हातारी होती. तिच्या नावाचं एक पत्र पिशवीत सगळ्यात वर होतं. पत्र टपालकचेरीत ठेवून म्हातारीला बोलावून घ्यायचं, असा नियम होता. मुलगी नियम सोडून ते द्यायला निघाली होती.

डॉक्टरांनी लिहून दिलं, की ती अपघातानंतर तीन दिवस तरी जिवंत असावी. कदाचित चार.

शेवटचं सगळं आटोपल्यावर म्हातारा पुन्हा केंद्रावर आला. या वेळी मंगळवार नव्हता. काखेत एक छोटं लाकडी स्टूल होतं. नवीन, घासून गुळगुळीत केलेलं. बाई दिवसभर बसून काम करतात, पाय ठेवायला होईल, म्हणून त्याने ते केलं होतं. पोरगी निदान हाती लागली, तुम्ही सोडलं नाहीत, तुमचे उपकार, असं तो बोलत होता. फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत दोघं उभी होती. पहारेकरी समजून बाहेर गेला.

स्टूल घेऊन आभार मानणं सोपं होतं. नवऱ्याने गप्प राहायला सांगितलेलं होतं, आणि साहेबांच्या मते तर चूकच नव्हती. बाईंनी हात पुढे केला, आणि तो मागे घेतला.

"बाबा, तो फोटो त्याच दिवशी आला असता," त्या म्हणाल्या. "मी घेतला नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उपग्रह ठरल्या वेळी बोलत होता आणि आपण छत्री वळवली नाही, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं. जेवायला बसले होते, हेही सांगितलं. शेवटी म्हाताऱ्याने विचारलं, "किती वेळ लागला असता?"

"चार मिनिटं."

म्हाताऱ्याने स्टुलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, लाकडात कुसळ राहिलं आहे का ते बघावं तसा.

"तो बोलत होता म्हणता," तो सावकाश म्हणाला. "मग तीही बोलत असेल."

एवढं बोलून तो बाहेर पडला. उताराच्या रस्त्याने जाताना बाईंना तो बराच वेळ दिसत होता. त्याने मागे पाहिलं नाही, आणि त्यानंतर तो केंद्रावर कधी आला नाही. स्टूल खोलीतच राहिलं. पहारेकऱ्याने विचारलं, काय करू? बाईंनी ते घरी नेलं. पण त्यावर पाय ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. नवरा त्यावर मीटरची पुस्तकं ठेवतो.

बाईंना कुणी कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं काही दिवस त्यांना वाटत राहिलं. मग त्या साहेबांकडे एक कागद घेऊन गेल्या. डेपोत असताना गाडी सुटायच्या आधी वाहक आत डोकावून किती माणसं आहेत ते सांगायचा. तसं इथेही करावं, असं त्या कागदावर होतं. प्रत्येक उपग्रहाला प्रत्येक फेरीत आधी नव्वद सेकंद द्यायचे, मागणी असो वा नसो. तेवढ्यात त्याने आपल्या पोटातल्या सगळ्या फोटोंच्या टिकलीएवढ्या नकला खाली पाठवायच्या. मग बघून ठरवायचं, की पूर्ण काय उतरवायचं आणि काय सोडायचं.

मुख्य कचेरीने आधी नाकं मुरडली. आधीच वेळ पुरत नाही, त्यात सगळ्यांना वाटायचा कुठून? पण महिनाभर करून पाहिल्यावर उलटंच निघालं. उतरवलेल्या फोटोंपैकी निम्म्यात नुसते ढग असायचे. टिकल्या बघून ते वरच सोडून देता आले, आणि त्याच पाच छत्र्यांत पहिल्यापेक्षा दीडपट कामाचे फोटो उतरू लागले. कंपनीने तीच पद्धत सगळ्या केंद्रांवर लावली. बाईंना एक मानपत्र आलं. ते अजून पाकिटातच आहे.

त्या पद्धतीने पुढे माणसंही वाचली. एकदा कुणी न मागितलेल्या जंगलाच्या टिकलीत बाईंना धुराचा ठिपका दिसला. वेळेवर कळवलं, आणि डोंगरात अडकलेले दोन लाकूडतोडे जिवंत निघाले. केंद्रात सगळे त्यांच्याभोवती जमले. वंगणरावाने हात धुऊन हात मिळवला. त्याच्या बाबतीत तो मोठाच सन्मान. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या. पडद्यावर त्या दिवशीच्या सोडलेल्या फोटोंची यादी होती. नऊशेच्या वर ओळी. त्या एकेक ओळ वाचत खाली गेल्या.

मागच्या उन्हाळ्यात त्या नवऱ्याबरोबर सरोवर बघायला गेल्या. म्हाताऱ्याचं घर बंद होतं. शेजारणीने सांगितलं, की तो बहिणीकडे राहायला गेला, कधी येईल सांगता येत नाही. बाई काठावर गेल्या. पट्टीत तळहाताएवढं दिसलेलं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. उत्तरेकडून वारा येत होता. त्या तशाच उभ्या राहिल्या, मान किंचित कलती करून. बराच वेळ झाला तेव्हा नवऱ्याने हळूच विचारलं, काय ऐकतेयस?

बाईंनी त्याला हाताने गप्प राहायला सांगितलं.